रयतेचा आजन्म सेवक : कर्मवीर भाऊराव पाटील

औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, पैठणच्या रस्त्याला लागले की वाटेत बिडकीन येते. कापूस, तूर आणि बाजरी पिकविणारा हा परिसर. आता दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेसाठी येथील हजारो एकर जमीन संपादित झाली असून, जेथे औत चालत होते तेथे रुंद सिमेंटचे रस्ते झाले आहेत. या भागातील तरुणांशी बोलण्याचा प्रसंग आम्हांला अनेकदा येतो. जमिनीचा मोबदला घरात आला, तो काही घरांत टिकला, काही घरांत टिकला नाही. पण हाताला काम आणि कामाला लागणारे शिक्षण कोठून आणायचे, हा प्रश्न तसाच उभा आहे. तरुणांची शिबिरे भरतात, भाषणे होतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. एवढ्याने काय होणार, असे एखादा मुलगा सरळ विचारतो तेव्हा उत्तर देताना आम्ही अडखळतो.

अशा वेळी आम्हांला एका माणसाची आठवण होते. तो ख्रिस्ती नव्हता. जन्माने दिगंबर जैन होता. मराठवाड्यातलाही नव्हता, त्याचे सारे आयुष्य कोल्हापूर-सातारा भागात गेले. तरीही ग्रामीण तरुणांसाठी विनावेतन आयुष्य वाहिलेल्या माणसाचा गौरव करावयाचा झाला, तर महाराष्ट्रात पहिले नाव कर्मवीर भाऊराव पाटील यांचेच घ्यावे लागेल. आपल्या धर्मप्रांताच्या या पानावर त्यांचे चरित्र कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे कारण ओघात येईल.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. घराणे मूळचे सांगली भागातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून असल्याने मुलाचे शिक्षण निरनिराळ्या गावी झाले आणि पुढे तो कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात आला. राहण्याची सोय जैन बोर्डिंगमध्ये होती. त्या काळी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे उघडण्याचा उपक्रम चालविला होता. मराठ्यांचे वेगळे, जैनांचे वेगळे, लिंगायतांचे वेगळे, मुसलमानांचे वेगळे. खेड्यातील मुलाला शहरात टेकायला जागा मिळाली, हे महाराजांचे मोठे उपकार. पण पंगत मात्र ज्याची त्याची राहिली.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी उघडलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला विद्यार्थी भाऊराव गेले. परतल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे, अशी त्यांच्या बोर्डिंगच्या चालकांची अपेक्षा होती. भाऊरावांनी नकार दिला. ज्या समारंभाला जाणे योग्य वाटले त्यावरून येऊन अंघोळ करणे म्हणजे तेथे बसलेल्या मुलांचा अपमान करणे, असे त्यांना वाटले असावे. त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्यावेळी बोर्डिंगचे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे होते. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. घरचा आसरा गेलेल्या या मुलाला महाराजांनी आपल्याकडे ठेवून घेतले. शिक्षण मात्र इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. ज्याने पुढे महाविद्यालये काढली, तो स्वतः मॅट्रिकही नव्हता.

१९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील व्यक्तीच्या पुतळ्यावर कोणीतरी डांबर ओतले. हे ‘डांबर प्रकरण’ पुष्कळ गाजले. संशयाची सुई अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे वळविण्यात आली आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आले. कोणताही सामान्य माणूस म्हणेल, संधी चालून आली. ज्याने आपल्याला वसतिगृहातून घालविले त्याच्याविरुद्ध चार शब्द बोलायचे, सुटायचे आणि वर राजदरबारी मर्जीही मिळवायची. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. त्यांना कोठडीत टाकले गेले, मारहाण झाली. त्या यातनांत त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. हा भाग काही चरित्रकार ओझरता सांगतात. आम्ही तो मुद्दाम नोंदवितो, कारण खंबीर माणसे कधी खचत नाहीत, असा एक खोटा समज आपल्या प्रवचनांतूनही पसरत असतो. भाऊराव खचले होते; पण खचलेल्या अवस्थेतही शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष त्यांनी दिली नाही. दहा आज्ञांपैकी आठवी आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करतो. ती शत्रूच्या बाबतीतही लागू आहे, हे पाठ करताना कोणाच्या मनात येत नाही. लठ्ठे पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले आणि १९३७ साली मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले.

यानंतरची काही वर्षे भाऊरावांनी पोटाच्या उद्योगात घालविली. साताऱ्यात मुलांच्या शिकवण्या घेतल्या, त्यामुळे लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांसाठी ते गावोगाव फिरले. साताऱ्यातील कूपर यांच्या कारखान्याशीही त्यांचा काही काळ संबंध आला आणि तो कटुतेने संपला. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या ओट्यावर बसावे लागते. तेथे त्यांनी जे पाहिले ते कोणत्याही परिषदेत दिसले नसते. नांगर घेणाऱ्याला पावती वाचता येत नव्हती. सावकाराने लिहिलेल्या कागदावर अंगठा उठविणारा माणूस जमीन कशी गमावतो हे त्यांनी जवळून बघितले. सत्यशोधक समाजाच्या कार्यात ते होतेच. महात्मा फुले यांनी विद्येवाचून काय काय गेले याची जी साखळी मांडली होती, ती त्यांना खेड्याखेड्यांत जिवंत दिसली.

४ ऑक्टोबर १९१९, विजयादशमी. कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. त्याआधी दुधगाव येथे सहकाऱ्यांसह मुलांच्या वसतिगृहाचा एक प्रयोग त्यांनी करून पाहिला होता. रयत म्हणजे कुळवाडी, कष्टकरी प्रजा. संस्थेच्या नावात ना देवाचे नाव, ना राजाचे, ना देणगीदाराचे. बोधचिन्ह वडाच्या झाडाचे. पारंब्या जमिनीत उतरून त्याची नवी खोडे होतात.

१९२४ साली भाऊराव साताऱ्यात वसतिगृह घेऊन आले. खरे म्हणजे ते त्यांचे घरच होते. खेड्यापाड्यांतून आणलेली मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, धनगर, रामोशी घरांतील मुले एका छपराखाली राहू लागली. कोल्हापूरच्या वसतिगृहांपेक्षा येथे एक पाऊल पुढे पडले होते. वेगवेगळ्या जातींना वेगवेगळी घरे देण्याऐवजी सर्वांना एकच चूल दिली होती. मुलेच दळण दळत, भाकरी थापत, पाणी भरीत, भांडी घाशीत. ज्याच्या हाताची भाकरी खायची त्याच्या हाताला विटाळ मानता येत नाही, हे त्यामागचे साधे गणित होते. आपण ख्रिस्ती लोक दर रविवारी एकाच वेदीभोवती जमतो आणि एकाच भाकरीत सहभागी होतो. तरी सोयरीक जुळविताना कोणाचे आजोबा कोणत्या वाड्यातून ख्रिस्ती झाले हे आजही विचारले जाते, हे आम्ही येथे नमूद केले नाही तर तो ढोंगीपणा होईल.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले. ज्या राजाने घरातून निघालेल्या मुलाला जागा दिली, त्याचे ऋण अशा रीतीने फेडले गेले. पुढे १९३२ साली पुणे करार झाल्यावर भाऊरावांनी पुण्यातही सर्व जातींच्या मुलांसाठी युनियन बोर्डिंग हाउस काढले.

आता लक्ष्मीबाईंविषयी. आम्हांला या चरित्रातील सर्वांत जड भाग हाच वाटतो.

लक्ष्मीबाई या भाऊरावांच्या पत्नी. कुंभोजच्या पाटील घराण्यातील, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. नवऱ्याने एके दिवशी सर्व जातींची मुले घरात आणली आणि त्यांच्या चुलीजवळ बसविली. ज्या बाईने लहानपणापासून काय शिवावे आणि काय शिवू नये एवढेच शिकले, तिला रातोरात ते सारे बाजूला ठेवावे लागले. त्यांनी ते ठेवले, एवढेच नव्हे तर त्या मुलांची आई झाल्या. मुले वाढत गेली, वर्गणी मात्र वाढत नव्हती. कोठारात धान्य नसले आणि भाऊराव गावोगावी मदत मागत फिरत असले की मुलांपुढे उभे राहायची पाळी लक्ष्मीबाईंवर येई. एकेक दागिना गेला. माहेरचे सोने गेले. शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या पोटासाठी गेले. १९३० साली त्यांचे निधन झाले. वसतिगृह उभे राहिले होते, पण संस्थेचा पुढचा विस्तार त्यांना पाहता आला नाही.

सेवेसाठी आयुष्य देणाऱ्या पुरुषाचे चरित्र लिहिताना त्याच्या घरच्या बाईने काय दिले हे एका ओळीत उरकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. भाऊरावांनी आपले आयुष्य दिले, ते त्यांचे होते. मंगळसूत्र लक्ष्मीबाईंचे होते. ते देताना त्यांना कोणी विचारले का, त्या मनापासून राजी होत्या की दुसरा मार्गच नव्हता, याचा निवाडा आज आपण करू शकत नाही. आम्ही धर्मगुरू अविवाहित राहतो. आमच्या सेवेचा खर्च पत्नी व मुले सोसत नाहीत, असे आम्ही समाधानाने म्हणतो. परंतु धर्मग्रामातील जे सेवाभावी बंधू आठवड्यातील चार संध्याकाळ सभांना देतात, त्यांच्या घरी दिवेलागणीला कोण एकटे बसलेले असते, याचा विचार आम्ही किती वेळा करतो? सातारच्या संस्थेने तरी लक्ष्मीबाईंना विसरू दिले नाही. गरीब विद्यार्थ्यांना पुढील शिक्षणासाठी कर्ज देणाऱ्या शिक्षणोत्तेजक पतपेढीला त्यांचे नाव आहे. सोने मोडून भागविलेली नड पुढच्या मुलांना परतफेडीच्या कर्जाने भागविता येऊ लागली, ही गोष्ट त्यांना नक्कीच आवडली असती.

भाऊरावांच्या कार्यातील सर्वांत मोलाची कल्पना श्रमाची. मुलाने शिकावे, पण फुकट शिकू नये. शेतात काम करावे, माती उपसावी, दगड फोडावेत, इमारतीची पायाभरणी करावी आणि त्या कामाच्या मोबदल्यात जेवण, वह्या-पुस्तके व शिक्षण मिळवावे. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले ते याच तत्त्वावर. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही योजना महाविद्यालयापर्यंत पोहोचली. ज्या काळी महाविद्यालयीन विद्यार्थी हाताला माती लागू देत नसे, त्या काळी या महाविद्यालयाचे विद्यार्थी सकाळी कुदळ घेऊन निघत आणि नंतर वर्गात बसत. १९३५ साली शिक्षक तयार करणारे विद्यालय सुरू झाले होते. तेथून शिकलेले शिक्षक ज्या गावांना शाळाच नव्हती अशा गावी जाऊन चावडीत, देवळाच्या ओसरीत शाळा भरवू लागले.

येथे आम्हांला आमच्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे. या लेखाचे कारण म्हणून जे आम्ही वर राखून ठेवले, ते हेच.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. भाऊराव सातारा भागात खेड्यापाड्यांत शाळा काढीत होते तेव्हा पैठण, गंगापूर, वैजापूर या तालुक्यांतील मुलांना मराठीतून माध्यमिक शिक्षण मिळणे दुरापास्त होते. अशा काळात मिशनच्या बोर्डिंगांनी अनेक गरीब घरांतील मुलांना अक्षर दिले. आमची पिढी त्याच परंपरेतून आली. आम्ही स्वतः मिशन बोर्डिंगमध्ये वाढलो. परदेशातून आलेल्या तेलाचे डबे, दलियाची पोती आणि नाताळला मिळणारे जुने पण उबदार स्वेटर आम्हांला अजून आठवतात. ज्यांनी ते पाठविले त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण त्या पोत्यांबरोबर एक सवयही आमच्यात आली. गरज पडली की फादरकडे जायचे. फी फादर भरतील, नोकरी फादर लावतील, घराचे पत्रेही फादरच देतील. देणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता. घेणाऱ्यांचा हात मात्र पसरलेला राहिला. पुढे परदेशी मदत आटली तेव्हा अनेक कुटुंबांना ख्रिस्तसभेने आपल्याला सोडले असे वाटले. हे दुःख आजही धर्मग्रामांत बोलून दाखविले जाते आणि ते ऐकताना आम्हांला मान खाली घालावी लागते.

भाऊरावांजवळ परदेशी मदत नव्हती. म्हणून त्यांनी श्रमाची वाट धरली, असे कोणी म्हणेल. अंशतः ते खरे आहे. पण पैसा आला तेव्हाही त्यांनी ती वाट सोडली नाही. प्रेषित पौल करिंथ येथे तंबू शिवीत असे आणि आपला भार कोणावर पडू देत नसे. पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावर आपले विश्वपत्र १८९१ साली प्रसिद्ध केले तेव्हा भाऊराव अजून चार वर्षांचेही झाले नव्हते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमावर स्वतंत्र विश्वपत्र लिहिले. ते आम्ही सेमिनरीत अभ्यासले, त्यावर उत्तरपत्रिका लिहिल्या, गुण मिळविले. ज्याने यांतील एकही ओळ वाचली नसावी अशा माणसाने साताऱ्याच्या माळावर मुलांच्या हाती कुदळ दिली होती, हे मात्र आम्हांला फार उशिरा कळले.

श्रमाचा मार्ग सोपा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. दिवसभर राबून रात्री दिव्याखाली डुलक्या घेणारी मुलेही तेथे होती. काही निघून गेली असतील. अभ्यासाला वेळ कमी पडतो, ही तक्रार आजही ‘कमवा आणि शिका’ योजनेतील विद्यार्थी करतात आणि ती खोटी नाही. तरीही त्याच परंपरेतून बॅरिस्टर पी. जी. पाटील यांच्यासारखे विद्यार्थी निघाले, जे पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९४८ साली एक कठीण प्रसंग आला. सरकारच्या धोरणावर भाऊरावांनी जाहीर टीका केली आणि मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. ज्या गांधीजींच्या नावे ते खेड्यांत शाळा काढण्याचा संकल्प करीत होते, त्यांच्याच अनुयायांच्या सरकारकडून हा आघात व्हावा, याचा त्यांना सल वाटला असणार. संस्था बंद पडली नाही. लोकांनी धान्य दिले, पैसे दिले, शिक्षकांनी पगाराविना काम केले. शेवटी संत गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. हाती खराटा घेतलेला एक निरक्षर संत आणि खांद्यावर घोंगडी टाकलेला एक बिनपदवीचा शिक्षणकर्ता यांचा स्नेह शेवटपर्यंत टिकला. १९५४ साली कराडला महाविद्यालय निघाले, त्याला भाऊरावांनी गाडगे महाराजांचे नाव दिले.

भाऊरावांनी संस्थेकडून स्वतःसाठी वेतन घेतले नाही. अंगावर खादी, वाढलेली पांढरी दाढी, हातात काठी आणि पाय अनवाणी. कर्मवीर ही पदवी त्यांना लोकांनी दिली. जानेवारी १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण जाहीर केले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेल्या या माणसाला सन्मान्य डी. लिट. दिली. तोवर शरीर थकले होते. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी साताऱ्यास आहे. त्या वेळी संस्थेची ३८ वसतिगृहे, शंभरावर माध्यमिक शाळा आणि ३ महाविद्यालये होती.

मृत्यूच्या आठ दिवस आधी, १ मे रोजी, जगभरच्या कॅथलिक देवालयांत कामगार संत योसेफ यांचा सण साजरा झाला होता. पोप पायस बारावे यांनी तो सण १९५५ मध्ये, म्हणजे भाऊरावांच्या हयातीतच, सुरू केला. आपल्या धर्मप्रांतातील काही धर्मग्रामांत त्या दिवशी मिस्सामध्ये लोक आपापली हत्यारे वेदीपुढे आणतात. कोणी विळा आणतो, कोणी गवंड्याची थापी, कोणी शिवणयंत्राची कात्री. मागे एकदा बिडकीनकडच्या एका तरुणाने आपली वेल्डिंगची काच आणली होती. त्याने संध्याकाळी वर्कशॉपमध्ये काम करून आयटीआयची फी स्वतः भरली होती. आमच्याकडे तो कधी काही मागायला आला नव्हता, म्हणून आम्हांला त्याचे नावही ठाऊक नव्हते.